पहिलं पाणी

शेजारच्या मार्थाबाई चर्चच्या वेदीवरचं वस्त्र घरी आणून धुतात. त्याचं पहिलं पाणी त्या मोरीत सोडत नाहीत, अंगणातल्या चाफ्याच्या मुळाशी ओततात. पवित्र भाकरीचा, म्हणजे प्रभूच्या शरीराचा, एखादा कण त्यात उतरला असेल म्हणून.

आज त्यांनी तिथेच आणखी एक टोप रिकामा केला. मी कुंपणावरून विचारलं, "आज दोन वस्त्रं होती का?"

"नाही गं. हे यांचं अंग पुसलेलं पाणी." त्यांचे मिस्टर तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. "मोरीत ओतवत नाही मला."

आजवर त्याग म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे येशूचा टेकडीवरचा क्रूसच यायचा. पावित्र्य म्हणजे मेणबत्त्यांचा उजेड.

चाफ्याखालची माती ओली झाली होती. त्यातलं कुठलं पाणी कुठं मुरलं, ते मला सांगता आलं नसतं.