टाकीखालचं आग्या मोहोळ

"हळू बोला. लय चिडक्या हायती त्या."

फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला बाई हे सांगायच्या आणि डोळ्यांनीच पाण्याच्या टाकीकडे खूण करायच्या. टाकीच्या पोटाला सुपाएवढं आग्या मोहोळ लटकलं होतं. त्यावरून माश्यांची काळपट लाट सरकली की बाई पदर डोक्यावर ओढून घ्यायच्या.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. कुपवाडच्या त्या छोट्या कारखान्यात मी ऑफिसात होतो, बाई स्टोअर सांभाळायच्या. माहेर कोरेगावकडचं, सासर सांगलीत. संकट यायच्या आधीच त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई त्यातल्याच. सकाळी बसमध्ये भेटल्या की मला विचारायच्या, "कुलूप ओढून बघितलं असंल न्हवं मी?"

"मला कसं ठाऊक, बाई?"

"व्हय, तेबी खरंच," म्हणायच्या आणि कुपवाड येईपर्यंत मागं वळून बघत राहायच्या.

एक दिवस मालकांनी मोहोळ जाळायचं ठरवलं. बाई तडक केबिनमध्ये आल्या.

"साहेब, जाळू नका."

"अहो, सगळ्यांत जास्त तुम्हीच घाबरता."

"म्हणूनच सांगते. माझ्या चुलत्यानं मधासाठी असाच जाळ केला हुता. त्यो पळाला. माझी आई शेजारच्या रानात खुरपत हुती. ती न्हाई वाचली."

मालकांनी बेत सोडून दिला. मोहोळ राहिलं.

मग पंधरवड्यातच ते घडलं. कुंडलहून आलेला नवा फिटर टाकीखाली मोटारसायकल चालू करत होता. गाडी अडून बसली. तो किक मारत राहिला, सायलेन्सरचा धूर वर चढला आणि मोहोळ उठलं. फिटर पळताना पडला. आम्ही धडाधड खिडक्या लावल्या. स्टोअरचं दार मात्र उघडलं. डोक्यावर ताडपत्री धरून बाई धावत गेल्या, त्याच्यावर आडव्या झाल्या आणि ताडपत्री दोघांवर ओढली.

"हलू नगं रं," एवढंच त्या सांगत होत्या, असं फिटरनं नंतर सांगितलं. माश्या पांगल्यावर ओली पोती पांघरून आम्ही दोघांना आत आणलं.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो, तर बाईंचे डोळे सुजून मिटले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"त्यो बरा हाय न्हवं?"

"बरा आहे."

"आन् मोहोळ?"

मला खोटं बोलता आलं नाही. मालकांनी माणसं बोलावली होती, थोड्या वेळात जाळणार होते. बाई चाचपडत उठायला लागल्या.

"आवं, जावा तुमी. सांगा साहेबांस्नी. मागं वस्ती हाय. अंगणात बायका बसल्या असतील."

ऑफिसातल्या एकाची स्कूटर मागून आणली होती, ती मी दामटली. फाटकाशी बांबूला चिंध्या बांधून माणसं उभी होती. बाईंचा निरोप ऐकून मालकांनी वर मोहोळाकडे पाहिलं. मग माणसांना म्हणाले, "जा रे तुम्ही."

त्यानंतर सगळे मागच्या दारानं ये-जा करू लागले. जोरात कोणी शिंकतही नव्हतं. बाई कामावर आल्या तेव्हा हिवाळा सरत आला होता.

पुढे त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. पुन्हा भेट झाली नाही. आठवतात त्या एका सकाळच्या. माश्या उठून गेल्या होत्या, टाकीला नुसतं पांढुरकं मेण लटकत होतं. मी म्हणालो, "सुटलो बाई आपण."

"कुठं बसल्या असतील आता?" त्या म्हणाल्या, आणि मागच्या वस्तीतल्या घरांवरून त्यांची नजर काही केल्या हलेना.