दादाच्या आधी माझं नाव

यादी आली तेव्हा मी केजला बँकेच्या रांगेत उभी होते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता आणि मशीन त्यांचा ठसा काही केल्या घेत नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर खडू धरून बोटं गुळगुळीत झालेली. "पुसा, परत ठेवा," असं कारकून तिसऱ्यांदा म्हणाला आणि माझा फोन वाजला. माझ्या विमान कंपनीचा मेल होता. कॅप्टनपदाच्या प्रशिक्षणासाठी निवडलेल्या सहवैमानिकांची नावं. एकूण चौदा. माझं अकरावं.

मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. दादाचं नाव नव्हतं.

दादा माझा सख्खा भाऊ नाही. सिरसाळ्याचा, म्हणजे आमच्याच भागातला, आणि माझ्या कंपनीतला सहवैमानिक. मी नोकरीला लागले तेव्हा कॅन्टीनमध्ये माझं बोलणं ऐकून त्यानं मागून विचारलं होतं, "कुठली गं तू? केजची हायस का?" तेव्हापासून दादा. कंपनीत प्रत्येकाला रुजू होण्याच्या तारखेप्रमाणे ज्येष्ठतेचा नंबर असतो. त्याचा नंबर माझ्यापेक्षा बत्तीसनं आधी. पूर्वी कॅप्टन व्हायचं तर या नंबराप्रमाणे पाळी यायची. मागच्या वर्षी कंपनीनं नियम बदलला. आता लेखी परीक्षा, सिम्युलेटरची चाचणी आणि मुलाखत यांचे गुण धरणार होते.

मला नवा नियम मनातून पटला होता, हे कबूल करायला हवं. केवळ आधी लागले म्हणून कॅप्टन झालेल्या एकदोघांच्या शेजारी बसून मी हात घट्ट मिटून उड्डाणं केली होती. पण दादा तसला नव्हता. आडव्या वाऱ्यात विमान कसं धरायचं ते मला त्यानं शिकवलं होतं, क्रू बसमध्ये बसून, दोन्ही तळहात पंखांसारखे तिरके करून.

"कावून गं, चेहरा का उतरला?" अण्णांनी विचारलं. शेवटी त्यांचा अंगठा चालला होता.

"निवड झाली," मी म्हणाले.

"मग?"

मी त्यांचं पासबुक पिशवीत टाकलं आणि दाराकडे निघाले.

दुपारी दादाचा फोन आला. त्याचं नाव दिसलं तेव्हा मी तो तीनदा वाजू दिला.

"लई चांगलं झालं," तो म्हणाला. "पेढे पाहिजेत."

"दादा, तुझं..."

"ते सोड. ऐक. आमी राहिलेले आठ जण पत्र देतोय. गुण दाखवा म्हणून. तुझ्याकडं कोणी सही मागितली तर करू नको. आत्ताच निवड झालीय, तुझी तारीख पुढं ढकलतील. दुसरीकडून कळण्यापेक्षा म्हणलं आपणच सांगावं."

मी 'बरं' म्हणाले. फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचीच लाज वाटली. त्याच्या सांगण्याआड मी लपले होते. सही मागायला दोन दिवसांनी खरंच एक जण आला, तेव्हा मी दादाचंच वाक्य जवळपास शब्दशः वापरलं.

जेवताना मी घरी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "विमानात बसणाऱ्याला काय करायचंय कोण कधी लागलं ते? ज्याला उतरवता येतं त्यानं उतरवावं."

"त्याला येतं, आई. माझ्यापेक्षा चांगलं येतं."

"मग मुलाखतीत काय विचारत होते?"

अण्णांनी भाकरी तशीच ठेवून मला कधी न सांगितलेलं सांगितलं. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेला एक शिक्षक खात्याची परीक्षा देऊन केंद्रप्रमुख झाला, म्हणजे त्यांचाच साहेब. "तो शाळा तपासायला आला की मी खुर्चीवरून उठायचो. तो म्हणायचा, गुरुजी, बसा. तरी उठायचो. पोरगा हुशार होता, त्यात वाद न्हाई. पण त्या दिवशी घरी आलो की कुणाशी बोलू वाटायचं न्हाई."

मला आठवलं. लहानपणी अण्णा कधीकधी संध्याकाळी नुसते अंगणात बसून राहायचे आणि आम्ही त्यांच्या जवळ जायचो नाही.

प्रशिक्षण सुरू झालं आणि माझी झोप गेली. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर उभं केलेलं खोटं कॉकपिट; त्यात आग लागते, इंजिन बंद पडतं, धावपट्टी धुक्यात जाते. तिसऱ्या सत्रात, बिघाड झाल्यावर करायच्या गोष्टींची यादी वाचायची असते ती, मी चुकीचीच वाचायला घेतली. प्रशिक्षकानं यंत्र थांबवलं आणि विचारलं, "लक्ष कुठे आहे तुमचं?" ते सत्र नापास. आणखी एकच संधी होती. चौदा जणांतली आपण पहिली बाहेर पडणार, आणि सगळे म्हणणार, बघा, हिच्यासाठी ज्येष्ठ माणूस डावलला, एवढंच डोक्यात फिरत होतं. पुढचं सत्र कसंबसं पार पडलं. मग प्रशिक्षक शेजारी बसवून महिनोन्महिने उड्डाणं झाली, शेवटची परीक्षा झाली आणि खांद्यावर कॅप्टनचा चौथा पट्टा आला.

दीड महिन्यानं ड्युटीच्या तक्त्यात माझ्या नावाखाली सहवैमानिक म्हणून दादाचं नाव दिसलं. सकाळचं उड्डाण. आजारी असल्याचं कळवावं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मी पोचले तेव्हा तो विमानाभोवती फेरी मारून, सगळं तपासून बसलेला होता. "गुड मॉर्निंग, कॅप्टन," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. माझ्या तोंडून 'दादा' येईना, आणि त्याला नावानं हाक मारायची तर सवयच नव्हती. पूर्ण उड्डाणभर मी त्याला कशानंच हाक मारली नाही.

उतरताना वारा आडवा होता आणि वाढत चालला होता. तेवढ्या वाऱ्यात नव्या कॅप्टननं लँडिंग सहवैमानिकाला द्यायचं नाही, असा नियम. म्हणजे शेजारी माझ्याहून चांगला हात असताना विमान मलाच उतरवायचं होतं. जमीन जवळ आली तसं विमानाचं नाक एकदम बाजूला गेलं. मी न उतरवता विमान परत वर उचललं. दादानं शांतपणे चाकं आत घेतली, कंट्रोल टॉवरला कळवलं. मी विमान दुसऱ्या फेरीसाठी वळवलं.

"घाई न्हाई," तो म्हणाला. "इंधन भरपूर हाय."

दुसऱ्या वेळी उतरलं. दणका बसला, पण धावपट्टीच्या मधल्या रेषेवर उतरलं. प्रवासी उतरल्यावर मी विचारलं, "पत्राचं काय झालं?"

"गुण दाखवले. सिम्युलेटरमध्ये वरचे. मुलाखतीत 'व्यक्तिमत्त्व' म्हणून एक रकाना, त्यात तळाला." तो हसला. "इंग्रजी आपलं सिरसाळ्याचं."

त्या आठवड्यात मी प्रशिक्षण प्रमुखांना पत्र लिहिलं, स्वतःच्या नावानं. ज्येष्ठतेवर बढती द्या असं लिहिलं नाही, कारण मला ते आजही पटत नाही. ज्यांच्या शेजारी बसून माणूस रोज उडतो त्या कॅप्टनांना विचारा, असं लिहिलं आणि दादाबद्दल जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. नंतर मी रोज मेल उघडून बघायचे. उत्तर आलं नाही. पण पुढच्या निवडीत कॅप्टनांचे अभिप्राय मागवले. माझ्या पत्रामुळे की आणखी कुणाच्या, मला माहीत नाही. दादाची निवड झाली. आता तो दुसऱ्या शहरातून उडतो, आणि आमची भेट क्वचितच होते.

मी ते पत्र लिहिलं हे त्याला कळलं. त्यानं फोन केला. आभार मानले नाहीत. म्हणाला, "सहीच्या वेळी मी तुला नको म्हणलं नसतं तर केली असतीस का गं?"

मी म्हणाले, "माहीत नाही, दादा."

"बरं," तो म्हणाला, आणि सिरसाळ्यात यंदा कापूस कसा आलाय ते सांगायला लागला.