ओळखू का, आज काय शिजतंय?

नाही हो, लिफ्ट बंद पडलेली नाही. आणि माझे गुडघेही काही कॉलेजातल्या पोरीचे नाहीत. तरी मी रोज सकाळी चौथ्या मजल्यावरून जिन्यानेच उतरते... का म्हणून विचारलंत ना, मग ऐका आता.

हडपसरला आमची सोसायटी. निम्मे लोक आयटीत, दारं कायम बंद. आमचे हे गेल्यावर माझंही दार बंदच झालं... केस विंचरायचे नाहीत, पडदा सरकवायचा नाही. आपण उठलो काय अन् नाही उठलो काय, कुणाचं अडतंय? दिवसभर डोक्यात तेवढंच.

लेकाने डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज घराबाहेर पडायचं आणि एक तरी नवीन गोष्ट बघून यायची. आता सोसायटीत नवीन काय बघणार, पार्किंग?

मी दारं बघायला लागले. बंद दारामागे काय शिजतंय याचं मला भारी कुतूहल, गावाकडची खोड! मग बेल वाजवायची आणि म्हणायचं, "थांबा, सांगू नका... आज मेथी!"

बहुतेक वेळा चुकते. तिसऱ्या मजल्यावर बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत. "मेथी नाही, पोहे आहेत. आणि मोजकेच केलेत," म्हणतात आणि दार लावून घेतात.

दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या वेळेला दार उघडं टाकून पेपर वाचत बसलेले असतात. मीही मग मुद्दाम जरा उशिरा जाते... बघू देत की वाट!

दुसऱ्या मजल्यावर प्राची. अकोल्याची पोरगी, एकटीच राहते. हिंजवडीच्या कंपनीत आहे, पण काम घरूनच. मी चुकले की टाळी वाजवून "काकू, नापास!" म्हणायची.

मागच्या आठवड्यात एक दिवस गावाला जाऊन आले आणि तिची बेल वाजवली, तर दार उघडेना. कुकर नाही, मिक्सर नाही, काही आवाजच नाही. दुधाची पिशवी दारालाच लटकलेली... आणि तिच्याखाली कालचीही. मी बेल परत दाबली. दाबूनच धरली म्हणा ना.

दार उघडलं. केसांचा गुंता, अंगावर रजई, मागे सगळा अंधार... मला माझंच घर दिसलं.

"आज काहीच नाही केलं काकू. उद्या या ना."

"बरं. मग काय करणार होतीस, ते ओळखू का?"

पोरगी एकदम रडायलाच लागली. "मला उठावंसंच वाटत नाही हो. आणि कुणाला कळतही नाही. लॅपटॉपवर ऑनलाइनचा हिरवा ठिपका दिसला की ऑफिसवाल्यांचं झालं."

उपदेश मला जमत नाही. मला कुणी केला तर मीच चिडायचे. मी दोन्ही पिशव्या कापल्या आणि तिच्या नाकाशी धरल्या. म्हटलं, "यातलं कुठलं नासलंय, सांग."

"शी काकू! हे!"

"मग ते ओत आणि दुसऱ्याचा चहा टाक. चहा होईपर्यंत मी पडदे उघडते."

दुपारी तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. रिक्षात हळूच म्हणाली, "काकू, तुम्हालाही असं झालं होतं?"

"मग? सिनियर आहे मी तुझी."

परवा जिना उतरले तर दुसऱ्या मजल्यावर धूरच धूर. प्राची दारात उभी, न्हालेली, हातात उलथनं. "काकू, ओळखा!"

डोळे चुरचुरत होते माझे. म्हटलं, "वांगं भाजलंयस!"

"नापास! खिचडी लागली हो काकू!" आणि अशी हसली म्हणून सांगू... वरून काकांचा आवाज आला, "फायर ब्रिगेड बोलवू का?"

आता हे वाचून प्राची विचारणारच, सगळ्या जिन्यात करपल्याचा वास होता, मग काकूंना कळलं कसं नाही?

तर सांगूनच टाकते. ज्या तापाने यांना नेलं, त्याच तापात मला वास येणं बंद झालं, ते आजतागायत. मेथी नाही, पोहे नाहीत, खिचडी नाही... मला कुणाच्याच घरातलं काही ओळखता येत नाही. मी नुसती बेल वाजवायला येते.