न सरकणारा आकडा

विमल गेली तेव्हा मी भूमच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. शेजारच्या शकीलाभाभींचा फोन आला. "गुरुजी, जरा घरी या... बाई पायरीवर बसल्यात, बोलंनात." मी पोचलो तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. त्याला आता पाच आठवडे झाले. गावात बहुतेकांना ती शाळेत मराठी शिकवणाऱ्या गुरुजींची बायको एवढीच ठाऊक होती. ती काय करायची हे सांगणारा आता मी एकटाच उरलोय, म्हणून लिहितो.

परंड्याच्या बौद्ध कुटुंबातली ही मुलगी. वडील पोस्टात. इंजिनिअर होऊन ती पुण्यात संदेशवहनाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. तिच्याकडं अ‍ॅटेन्युएटर नावाच्या भागाचं काम होतं. म्हणजे काय, असं मी लग्नानंतर ती सुट्टीला भूमला आली असताना विचारलं, तेव्हा भाकरी थापता थापता तिनं सांगितलं, "सिग्नल लई जोराचा आला की पुढचं यंत्र बावरतं. म्हणून तो मापानं कमी करायचा. किती कमी करायचा ते आपण ठरवायचं. पण ऊन वाढलं की ठरवलेलं माप आपोआप सरकतं... तेवढं सरकू द्यायचं न्हाय, हेच माझं काम." पुढं तिनं आखलेले भाग उघड्या माळावरच्या टॉवरवर बसले आणि भर दुपारी माप सोडू लागले. सगळा माल परत आला. चाचणीला अजून एक उन्हाळा द्या, असं तिनं आधी सांगितलं होतं. चूक कुणाची हे ठरवायच्या बैठकीत ते कुणाला आठवलं नाही. राजीनामा देऊन ती भूमला आली तेव्हा मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "चूक माझीबी हाय गुरुजी. फक्त ती कुठं हाय ते मला बघायचंय."

ते बघण्यात पुढची कितीतरी वर्षं गेली. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तिनं टेबल मांडलं, जुनी यंत्रं मागवली. थंडीसाठी फ्रिज होता, दुधाच्या पातेल्याशेजारी तिची सर्किटं असायची. उष्णतेसाठी मे महिन्यातला पत्रा पुरे होता. शाळा सुटली की मी थर्मामीटर वाचायचो आणि पलीकडून ती मीटरवरचा आकडा सांगायची. आमचं बरंचसं बोलणं असं आकड्यांतच झालं. सिग्नल कमी करणाऱ्या डायोडला लागून, त्याच तांब्याच्या पट्टीवर, तिनं तसाच दुसरा डायोड बसवला होता. त्यातून सिग्नल जायचा नाही. शेजारच्याइतकंच ऊन त्यानं सोसायचं आणि त्याप्रमाणं सर्किटनं प्रवाह बदलून घ्यायचा. सांगायला सोपं. पण जोडी जुळायची नाही, जुळली तर सोल्डरचा डाग तडकायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

एका मे महिन्यात मी म्हणालो, "बेचाळीस." ती म्हणाली, "दहा." ठरवलेलं माप दहाचंच होतं. सकाळी फ्रिजमधून काढल्यावरही दहाच होता. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "गार होऊ द्या. परत घेऊ." आठवडाभर घेतलं. आकडा हलला नाही.

तिनं जुन्या साहेबांना सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, सौजन्याचंच होतं... काम उत्तम आहे, पण आता हे सगळं एका बारीक चिपमध्ये तयार मिळतं. तिनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं." दुसऱ्या दिवशी ती वर निघाली तेव्हा मी बोलून गेलो, "आता कशाला जायचं वर?" ती जिन्यात थांबली, मग वर गेली. त्यानंतर तीन आठवडे तिनं मला हाक मारली नाही आणि मीही गेलो नाही. मग एका दुपारी चहा घेऊन गेलो, माझ्या स्टुलावर बसलो. तिनं एवढंच विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला. त्या वाक्याची माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

गेल्या रविवारी दुपारी मी वर गेलो. तिची यंत्रं चालू केली, थोडी तापू दिली. थर्मामीटर माझ्या बाजूला होता, मीटर टेबलापलीकडं तिच्या खुर्चीकडं तोंड करून. "एकोणचाळीस," मी म्हणालो... पत्रा तडतडत होता. मग उठलो, टेबलाला वळसा घातला, वाकून बघितलं. दहा. परत येईपर्यंत पारा चाळीसवर गेला होता. पुन्हा उठलो. त्या तीन आठवड्यांत ती एकटी हेच करत असणार, दुखऱ्या गुडघ्यांनी, इकडून तिकडं... आणि मी खाली पंख्याखाली पेपर वाचत होतो.