समुद्राच्या आवाजाची तपासणी

मुगुरेच्या संसारात गवंडी हा पाहुणा नव्हता, घरचाच माणूस होता. लग्न होऊन ती केनियातल्या गिथुंगुरी गावी आली तेव्हा नवऱ्याने, किमोथोने, दोन खोल्या बांधल्या होत्या आणि छतावर लोखंडी सळ्या उभ्या सोडल्या होत्या. "वरचा मजला चढवायचाय," म्हणाला. मजला चढला, त्याच्याही डोक्यावर सळ्या राहिल्या. आमच्याकडे घर पुरं झालं असं कोणी म्हणतच नाही, देव पुढचं द्यायचा थांबेल म्हणून! पोरं मोठी होऊन पांगली, मुगुरे मात्र सळ्यांवर कपडे वाळवत आणि चहातून सिमेंट गिळत राहिली. "पाठ वळली की गवंडी सिमेंट खातो," हे किमोथोचं ब्रह्मवाक्य. त्यामुळे त्याने पाठ वळवलीच नाही. सख्ख्या मेहुणीच्या लग्नालाही स्लॅबचं कारण सांगून गेला नाही.

म्हणून थोरल्या लेकीने, न्यागुथीने, डियानीच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टचं बुकिंग हातात ठेवलं तेव्हा मुगुरेने नवऱ्याकडे एकच मागणं मागितलं.

"अहो, मला समुद्र बघायचाय. तुमच्या शेजारी बसून. कानावर हातोडा न पडता. एकदाच."

"बरं बाई, बसू," किमोथो म्हणाला.

खोली इतकी स्वस्त कशी, हे न्यागुथीने विचारलं नव्हतं. उत्तर फाटकातच घुरघुरत होतं: काँक्रीट कालवायचं यंत्र. वर पाटी होती, 'आपल्या सुखासाठी आम्ही अधिक सुंदर होत आहोत.' पोहण्याच्या तलावात खडी भरली होती. समुद्राच्या बाजूला उंच ताडपत्री ताणली होती आणि तिच्यावर समुद्राचं चित्र छापलं होतं.

"खरा समुद्र कुठाय?" मुगुरेने विचारलं.

"चित्राच्या मागेच आहे, आई," मॅनेजर म्वाकियो तोंडभर हसला. "पण खरं सांगू? चित्रातल्या लाटा जास्त चांगल्या आल्यात."

मुगुरेचे डोळे भरून आले. किमोथोचेही आले, पण आनंदाने. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा सुट्टीवर आला होता आणि देवाने त्याच्यासाठी चार मजली बांधकाम मांडून ठेवलं होतं!

दुसऱ्या दिवशी नाश्त्याचा तळलेला गोड मांडाझी तोंडात कोंबूनच तो पसार झाला. थोड्या वेळाने त्याचा आवाज यंत्राच्याही वर चढला. "अरे ए, ओळंबा लाव! ही भिंत दारू पिऊन उभी आहे का? आणि ते पोतं इकडे ठेव, माझ्या नजरेसमोर!" गवंड्यांना वाटलं, कोणी बडा साहेब आहे. म्वाकियोला तर खात्रीच पटली. मालक नैरोबीहून तपासणीला गुपचूप माणूस पाठवणार, अशी कुणकुण त्याला लागलीच होती. दुपारी खोलीत आंब्यांची टोपली आली, संध्याकाळी शहाळी आली.

"लाघवी आहेत हो ही माणसं," किमोथो म्हणाला.

मुगुरेला सगळं कळलं होतं. ती निवांत आंबा खात राहिली. ताडपत्रीपलीकडे जाऊन ती रोज एकटीच समुद्र बघून यायची, पण कानात हातोडेच असायचे आणि शेजारची खुर्ची रिकामी. त्या खुर्चीचा तिला हातोड्यांपेक्षा जास्त राग यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी तिने जेवताना विचारलं, "उद्या दुपारी गाडी आहे आपली. सकाळी तरी येता का?"

"सकाळी कॉलम भरणार आहेत, न्यागुथीची आई. पाठ वळवली तर..."

मुगुरेने ताट बाजूला सारलं आणि तडक मॅनेजरच्या टेबलापाशी गेली.

"बाळा, आमच्या ह्यांना उद्या सकाळी समुद्राचा आवाज तपासायचाय."

"आवाज?"

"लोक त्याचेच पैसे देतात ना? एक हातोडा जरी मध्ये वाजला, तर पुढचं तू आणि तुझा मालक बघून घ्या."

म्वाकियो तसाच गवंड्यांकडे धावला.

सकाळी किमोथो कामावर पोचला तर यंत्र मुकं. ताडपत्री उतरवून गुंडाळून ठेवलेली. गवंडी सावलीत चहा पीत बसले होते आणि त्याला बघून एकाने ओठांवर बोट ठेवलं. म्वाकियो चवड्यांवर चालत पुढे आला आणि कुजबुजला, "बाबा, खुर्ची मांडलीय. ऐकून घ्या."

आता नजर कोणावर ठेवायची, हेच किमोथोला कळेना. अखेर तो आला आणि मुगुरेच्या शेजारी बसला. लाट येत होती, फुटत होती, मागे सरत होती. मुगुरेने त्याचा हात हातात घेतला. सिमेंटने भेगाळलेला तो हात तिने किती वर्षांत असा धरला नव्हता! तिला रडू आलं आणि तिने ते पुसलं नाही.

किमोथो लाटांकडे बघत राहिला. मग त्याने दुसऱ्या हाताने खाली वाकून मूठभर वाळू उचलली. बोटांत चोळली, जिभेवर ठेवली आणि मोठा उसासा टाकला.

"खारट आहे गं. बांधकामाला काही कामाची नाही."

"देवाचे उपकार," मुगुरे म्हणाली आणि त्याचा हात तिने आणखी घट्ट धरला.