वय न लिहिलेली फिल्म

रुग्णालयात एक्स-रे काढणाऱ्या त्या तंत्रज्ञाला सगळे उंट म्हणत. सहा फूट दोन इंच उंचीचा त्याला आजवर झालेला उपयोग म्हणजे नातेवाइकांच्या माळ्यावरचे डबे काढून देणे. शाळेतले खेळाचे मास्तर एकदा म्हणाले होते, "देवानं उंची पाठवली, पण पत्ता चुकला." लोक पदकं जपतात तसं हे वाक्य त्याने तीस वर्षं जपलं. मग त्रेचाळिसाव्या वाढदिवशी जाहीर केलं, की पुढच्या वाढदिवसाच्या आत उडी मारून, चेंडू वरून बास्केटबॉलच्या रिंगमध्ये कोंबणार. डंक करणार.

तेव्हापासून रोज सकाळी शेजारच्या शाळेच्या मैदानावर उड्या मारून तो कामावर येई आणि नोंदणीच्या बाई दारातच विचारत, "काय उंटभाऊ, आज किती राहिलं?"

"चार बोटं."

नुसता हात रिंगला टेकायलाच चार बोटं. चेंडूचं नंतर बघू. गेले तीन महिने चारच होती. रिंगही सकाळी व्यायामाला येत असावी. त्यात उजवा गुडघा कुरकुरायला लागला. त्याने त्याला आधी मलम लावून पाहिलं, मग रागावून पाहिलं.

एका दुपारी पेशंट नव्हते. तो स्वतःच टेबलावर आडवा झाला, लांब वायरचं बटण हातात घेतलं, सवयीने "हलू नका" म्हणाला आणि हलला नाही. चिठ्ठीवर नावाच्या जागी फुली मारली, वय कोरं ठेवलं आणि फिल्म गठ्ठ्यात सरकवली.

डॉक्टर मॅडमनी ती उजेडावर धरली. "वय लिहिलं नाहीस रे. आजोबा सत्तरीला टेकलेत वाटतं?"

"असतील."

"गुडघ्यातली गादी पार झिजलीय. जिने जपून चढा म्हणावं. आणि उड्या मारू नका." स्वतःच्याच विनोदावर हसत त्या पुढच्या फिल्मकडे वळल्या.

उंटही हसला. हसायला गुडघा लागत नाही.

संध्याकाळी बायकोने एक्स-रेचं पाकीट पाहिलं. "हे कुणाचं घरी आणलंत?"

"एका आजोबांचं."

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"उड्या मारू नका म्हणाल्या."

तिने एकदा त्याच्या पायाकडे पाहिलं. "मग सांगा की त्यांना. आणि म्हणावं, घरात आजी आहे. तिला तीन जिने उंट उचलून आणणं जमायचं नाही."

सकाळी तो नेहमीच्या वेळेला मैदानावर गेला. रिंग जागेवर होती. एकच उडी, असं त्याच्या मनात आलं. 'एकदाच केलं होतं हो' असं टेबलावर पडून सांगणारे त्याने वीस वर्षांत पुष्कळ पाहिले होते. तो बाकावर बसून राहिला, शाळेची घंटा होईपर्यंत. उठताना दोन्ही गुडघ्यांवर हात टेकावे लागले.

दारात बाई होत्याच. "काय उंटभाऊ, आज किती राहिलं?"

वाढदिवसाला पाच आठवडे होते.

"चार बोटं," तो म्हणाला. न मोजता सांगितलेला तो पहिलाच आकडा.