पलीकडच्या लाईनचा रकाना

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना आत्या ऑफिसचं कुलूप काढायची, आणि खांद्यावरची पर्स उतरवायच्या आधी फोन उचलून एक नंबर लावायची. तीन-चार रिंग व्हायच्या. पलीकडून एक बाई "हं" म्हणायची.

"आवाज येतोय?"

"येतोय."

"खरखर?"

"नाही."

"बरं, ठेवते."

मग पर्स खुंटीला लागायची, खिडकी उघडायची आणि टेबलावरच्या वहीत त्या दिवसाच्या तारखेपुढे बरोबरची एक खूण व्हायची. अशा सतरा वर्षांच्या खुणा तिच्या कपाटात होत्या.

तो नंबर कंपनीच्या सगळ्यात लांबच्या घराचा होता. कंपनी म्हणजे एक दुमजली इमारत, नऊ माणसं, एक जीप आणि सहाशे चाळीस टेलिफोन. खाली बिल भरायची खिडकी, तिच्यामागे आत्याचं टेबल, त्याच्यामागे यंत्रांची थंडगार खोली, जिच्या भिंतीशी बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असत. वर मालकांची केबिन. सहाशे चाळीसपैकी सहाशे अठ्ठावीस टेलिफोन गावात होते. उरलेले बारा टेकडीपलीकडे. मोबाईलची रेंज टेकडीच्या अलीकडेच संपते, म्हणून त्या बारा घरांसाठी अकरा किलोमीटर केबल एकशे ऐंशी खांबांवरून नेलेली. शेवटच्या खांबाजवळ एक शिवणकाम करणारी बाई राहायची. सकाळी "हं" म्हणायची ती हीच.

आत्या कंपनीची हिशेबनीस. माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहिली आणि घरभाड्याचा अर्धा वाटा दर महिन्याच्या एक तारखेला आईच्या हातात ठेवत राहिली. ऑफिसात तिला रकानेबाई म्हणत. तिलाही ते माहीत होतं. "रकाने आहेत म्हणून तुमचे पगार आहेत," असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं.

कारण ती पलीकडची लाईन सरकारी अनुदानावर उभी होती. दुर्गम लाईनवर कंपनी जेवढा खर्च करेल, त्यातले शंभराला सत्तर सरकार द्यायचं. आता लाईनचा स्वतःचा खर्च, म्हणजे तुटलेली केबल, कुजलेला खांब, हा कुणालाही मोजता येतो. पण जीप, बॅटऱ्या, इमारतीचं वीजबिल, लाईनमनचा पगार हे सगळं गावाचंही आणि पलीकडचंही. त्याची वाटणी कशी करायची? फॉर्मच्या सातव्या पानावर लिहिलं होतं: ग्राहकांच्या संख्येनुसार, कामाच्या दिवसांनुसार किंवा केबलच्या लांबीनुसार, यांपैकी कोणतीही एक पद्धत निवडावी.

आत्याने लांबी निवडली. गावात साडेपाच किलोमीटर केबल, पलीकडे अकरा. म्हणजे तीनपैकी दोन वाटे पलीकडे. एकही आकडा खोटा नाही, एकही पावती बनावट नाही. सहाशे अठ्ठावीस टेलिफोनांच्या बॅटऱ्यांचे पैसे बारा टेलिफोनांच्या रकान्यात सुखाने जाऊन बसले. दर तीन महिन्यांनी अकरा पानी फॉर्म, तीन प्रती, ऑडिटरचं प्रमाणपत्र, आणि मग सरकारचा चेक. मालक म्हणायचे, "बाई, तुम्ही आहात म्हणून दिवे लागतात." आत्याला ते आवडायचं. घरी येऊन ती ते सांगायची, आणि सांगितल्यावर लगेच विषय बदलायची.

मग पत्र आलं. योजना वर्षअखेरीस बंद. पत्र दोन ओळींचंच होतं. मालक ते घेऊन जिना उतरले आणि आत्याच्या टेबलावर ठेवून उभे राहिले.

"बाई, सरकारने फोन ठेवला."

आत्याने पत्र दोनदा वाचलं. "निदान 'बरं' तरी म्हणायचं ठेवण्याआधी," ती म्हणाली.

त्या दिवशी मालकांनी पहिल्यांदाच खर्चाची वही मागून घेतली. एरवी ते फक्त शेवटची ओळ बघायचे. दुपारी वरून हाक आली. वही उघडीच होती आणि मालकांचं बोट तिसऱ्या रकान्यावर होतं.

"हे काय आहे? कंपनीचा खर्च शंभर धरला तर चाळीस या बारा घरांवर? आणि तिकडून येतात किती?"

"दोन."

"दोन! आणि मी इतकी वर्षं हा पांढरा हत्ती पोसतोय." त्यांनी वही मिटली. "तोडा लाईन. सरकारकडून अठ्ठावीस येत होते, ते गेले. हे चाळीस वाचले की उलट बारा हातात राहतील. तीन महिन्यांच्या मुदतीची बारा पत्रं तयार करा."

आत्या खाली आली. तिने एक पत्र टाईप केलं, त्याच्या बारा प्रती छापल्या, पाकिटांवर पत्ते लिहिले, आणि पाकिटं खणात ठेवून दिली. पोस्टात टाकली नाहीत. दुसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना फोन लावला.

"आवाज येतोय?"

"येतोय. पण आज तुमचाच जरा बसलाय. घसा का?"

"हो, घसा," आत्या म्हणाली. "बरं, ठेवते."

घसा ठणठणीत होता. ते चाळीस तिनेच तिथे बसवले होते. सतरा वर्षं तिने ज्या कौशल्याने ती लाईन जगवली, त्याच कौशल्याने वहीत तिच्यावर एवढा बोजा चढवला होता की वही वाचणाऱ्या कुणालाही ती तोडावीशीच वाटावी. चूक मालकांची नव्हती. त्यांनी वही वाचली होती, इतकंच.

दुपारी लाईनमन जेवणाचा डबा उघडून बसला होता. तो सव्वासहा फूट उंच, म्हणून त्याला सगळे खांब म्हणत. आत्याने त्याच्यासमोर स्टूल ओढलं.

"खांबा, पलीकडे महिन्यातून किती दिवस जातोस?"

"दोन. वारा सुटला तर तीन."

"वहीत तुझ्या पगाराचे तीनपैकी दोन वाटे पलीकडे आहेत."

खांबाने घास खाली ठेवला. "म्हणजे कागदावर मी महिन्यातले वीस दिवस टेकडीपलीकडे असतो?"

"कागदावर."

"तरीच बायको म्हणते, घरी असून नसल्यासारखे का असता."

आत्या हसली नाही. तिने त्याला एक नवी वही दिली. रोज कुठे गेलास, किती वेळ, किती किलोमीटर, कोणतं सामान वापरलं, सगळं लिहायचं. एक महिना. खांबाने वही वर्षअखेरच्या गुणपत्रिकेसारखी दोन बोटांत धरली. "आणि स्पेलिंग चुकलं तर?"

"तर पगार कापीन. लिही."

त्या महिन्यात ती स्वतःही एकदा जीपमधून पलीकडे गेली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. खांब प्रत्येक वळणावर खांबांचे नंबर सांगत होता, आणि एकशे साठच्या पुढे रस्ता एवढा अरुंद झाला की दोन्हीकडचं गवत दारांना घासत होतं. शेवटचं घर एका खोलीचं होतं, खिडकीशी शिलाई मशीन, मशीनशेजारी टेलिफोन, आणि टेलिफोनखाली एक फुगलेली वही. बाई दारात आली. आत्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असावी. मानेभोवती मापाची टेप. तिने आधी खांबाकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"ह्या नवीन का?"

"आवाज येतोय?" आत्या म्हणाली.

बाईने डोळे बारीक केले. "अगं बाई. तुम्ही फोनवर उंच वाटता."

फुगलेल्या वहीत गावातल्या माणसांची मापं होती. बाई ती फोनवरच घ्यायची. समोरच्याला टेप कुठे धरायची ते सांगायची आणि आकडा लिहायची. कापड बसमधून यायचं, कपडे बसमधून जायचे. "लोक स्वतःची मापं खोटी सांगतात," ती म्हणाली. "बाही खरी सांगतात. कंबर कुणीच खरी सांगत नाही. मी आवाजावरून दोन इंच वाढवते."

आत्याने तिला अनुदानाचं सांगितलं. लाईन राहील की जाईल ते माहीत नाही, हेही सांगितलं. बाई थोडा वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मग दर वाढवा की. मी शिलाई वाढवली तेव्हा गिऱ्हाइकं पंधरा दिवस रुसली होती. मग आली मुकाट्याने. जातील कुठे?" आणि मग, जरा हळू, "पण लाईन गेली तर माझी जातील."

परतीच्या वाटेवरचं आत्याचं एकच वाक्य खांब सांगतो: "कंबर मीही खोटीच सांगितली."

महिना संपला. खांबाच्या वहीत स्पेलिंगच्या चुका पुष्कळ होत्या आणि आकडे बरोबर होते. आत्याने कामाच्या दिवसांनुसार सगळं पुन्हा मांडलं, आणि वही घेऊन वर गेली. वर काय झालं ते मला पुढे मालकांनीच सांगितलं.

"हे चाळीस माझे आहेत," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "फॉर्मसाठी केलेले. खरे बारा निघतात. आणि त्या बारांतलेही लाईन तोडली तर सहाच वाचतील, कारण जीप राहणार, खांबाचा पगार राहणार, बॅटऱ्या राहणार. तिकडून येणारे दोन बुडतील. म्हणजे हाती चार. भोक आहे अठ्ठावीसचं."

मालकांनी चष्मा काढला. "मग बाकीचे कुठे गेले?"

"कुठेच गेले नाहीत. ते गावाचे होते. मी नुसते तिकडे बसवले होते."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि मलाही बरं वाटत होतं."

मग तिने दुसरा कागद पुढे केला. सगळ्यांचे दर थोडे वाढवले तर बारा. वरचा मजला भाड्याने दिला तर सहा.

"आणि मी बसू कुठे?"

"तुम्ही दिवसभर खालीच असता. वर फक्त तुमची छत्री असते."

मालक तिसऱ्या ओळीवर आले. तिथे लिहिलं होतं: अनुदानाची कागदपत्रं, दहा. त्यांनी बोट ठेवलं.

"ऑडिटरच्या प्रमाणपत्राचे, छपाईचे, टपालाचे चार," आत्या म्हणाली. "उरलेले सहा म्हणजे मी. माझं निम्म्याहून जास्त काम त्या फॉर्मचं होतं. फॉर्म संपला. बिलं आणि पगार यांना आठवड्याचे दोन दिवस पुरतात."

"बाई, असं स्वतःचं नाव कुणी लिहितं का?"

"नाव नाही लिहिलं. पद लिहिलंय."

बारा, सहा आणि दहा, अठ्ठावीस. मालकांनी बेरीज तीनदा केली. ती बारा पाकिटं आत्याने त्याच संध्याकाळी फाडली. मागची बाजू कोरी होती, म्हणून पत्रं मात्र कच्च्या कामाला ठेवली.

घरी तिने हे जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं. आईचा हात वाटीतच थांबला.

"स्वतःच्या पगारावर स्वतःच काट मारणारी मी पहिलीच बघतेय," आई म्हणाली. "आणि भाड्याचं काय, वन्सं?"

"दोन दुकानांचे हिशेब मिळतायत. बेकरीचे आणि औषधवाल्याचे. अर्धा नाही, पण तिसरा हिस्सा देईन."

"म्हणजे आता पाच दिवस घरी," बाबा म्हणाले. "माझ्या डोक्यावर बसणार."

"तिथे आता केसही टिकत नाहीत, मी कुठे टिकते?"

बाबा हसले, आई नाही हसली. ताटं उचलताना आई एवढंच म्हणाली, की त्या टेकडीपलीकडच्या बाईला निदान एक ब्लाऊज तरी फुकट शिवायला सांगा. पुढे दोन-तीन महिने घरात दूध अर्धा लिटर कमी येत होतं. आत्या तिच्या चहात दूध घेईनाशी झाली, आणि विचारलं तर म्हणायची, असाच छान लागतो.

कंपनी पहिल्या वर्षी थोड्या तोट्यात गेली, कारण वरचा मजला पाच महिने रिकामा राहिला. दर वाढल्यावर तीस-पस्तीस जणांनी टेलिफोन काढले, त्यांतले निम्मे परत आले. दुसऱ्या वर्षी जमा आणि खर्च जेमतेम जुळले. वरती एक दातांचा डॉक्टर आला. मालक खाली बिलांच्या खिडकीशी बसू लागले आणि तिथेच रमले.

आत्या सोमवारी आणि गुरुवारी ऑफिसात जायची. उरलेल्या दिवशी नऊला पाच कमी असताना आमच्या घरच्या टेलिफोनवरून तोच नंबर लावायची, आणि त्याचं बिल स्वतः भरायची. मालक म्हणाले, बाई, ते टेस्टिंग आहे, कंपनीच्या खात्यात टाका. ती म्हणाली, नको, मग त्याला रकाना काढावा लागेल. खांब चिडवायचा, "आता ते टेस्टिंग कुठे राहिलं? गप्पा झाल्या." त्यावर ती म्हणायची, "पाच वाक्यांच्या कसल्या गप्पा?" पाचच असायची. मी ऐकलेली आहेत.

गेल्या वर्षी एका बुधवारी तिने फोन केला, चहाचा कप विसळला, आणि हात जड वाटतोय म्हणून पडली. हॉस्पिटलमध्ये ती नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांत ती आम्हाला ओळखत होती, पण शब्द येत नव्हते. दहाव्या दिवशी गेली.

नंतर मी तिची वही चाळली. त्या बुधवारपुढे खूण नव्हती. तिच्या अक्षरात फक्त १६३ एवढंच लिहिलेलं होतं. मला उलगडेना, म्हणून मी तोच नंबर लावला.

"हं," बाई म्हणाली.

मी कोण ते सांगितलं. तिला खांबाकडून कळलं होतं. लाईन स्वच्छ होती, तिच्या मशीनशेजारचं घड्याळसुद्धा ऐकू येत होतं. मी आकडा वाचून दाखवला, आणि त्या दिवशी आत्या काय बोलली ते विचारलं.

"विशेष काही नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं, आज थोडी खरखर आहे. तर म्हणाल्या, 'एकशे त्रेसष्टचा जोड सुटला असेल. खांबाला पाठवते. बरं, ठेवते.'"